घरात टीबी निघाला? पैसे कुठे लागतात, कुठे नाहीत

रिपोर्टवर टीबी लिहून आलं की घरातले लोक घाबरून पाकीट उघडतात. दुसरा डॉक्टर, तिसरी लॅब, सीटी स्कॅन, टॉनिकच्या बाटल्या. थांबा. टीबीचं निदान, पूर्ण कोर्सची औषधं आणि मधल्या तपासण्या सरकारी केंद्रात फुकट आहेत, तुमचा पगार कितीही असो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही.

गावात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, शहरात पालिकेच्या दवाखान्यात. सकाळी ओपीडी सुरू होतानाच पोहोचा. सोबत आधार कार्ड, रुग्णाच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, चालू असलेला मोबाइल नंबर, आणि आतापर्यंतचे सगळे एक्स-रे, रिपोर्ट, चिठ्ठ्या. कुठे जायचं तेच कळत नसेल तर आशाताईंना विचारा किंवा १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

फुप्फुसाच्या टीबीत मुख्य तपासणी बेडक्याची. तोंडातली थुंकी नको, खोल खोकून छातीतून आलेला बेडका हवा. सकाळचा असेल तर उत्तम. तो उघड्यावर, मोकळ्या हवेत काढा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तो तपासतात. टीबी आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, दोन्ही कळतं. यंत्राचं काम दोन-एक तासांचं, पण नमुन्यांची रांग असते, तेव्हा रिपोर्ट कधी मिळेल ते तिथेच विचारून घ्या. खासगी लॅबमध्ये याच तपासणीला बहुधा दोन हजारांच्या पुढे मोजावे लागतात. तुमचा डॉक्टर खासगी असला तरी त्याची चिठ्ठी घेऊन नमुना सरकारी केंद्रात देता येतो.

रक्त काढून टीबीच्या अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२पासून बंदी आहे. कुणी लिहून दिली तर करू नका. ‘टीबी गोल्ड’ ही वेगळी चाचणी. ती शरीरात जंतू शिरलेत का एवढंच सांगते, आजार आहे का ते नाही. आपल्याकडे असे निद्रिस्त जंतू असंख्य धडधाकट लोकांत सापडतात, त्यामुळे तिच्या जोरावर औषधं सुरू करण्यात अर्थ नाही. गाठीचा, मणक्याचा किंवा पोटातला टीबी असेल तर मात्र सुईने नमुना घेणं, सोनोग्राफी, एमआरआय लागू शकतं. खर्च वाढतो तो इथे. अशा वेळी आधी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरा.

औषधं रोज, बहुतेकांना एकूण सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. किती गोळ्या ते वजनावर ठरतं. ५० ते ६४ किलोच्या माणसाला रोज चार. लघवी केशरी-लाल होते, घाबरू नका. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, नजर धूसर झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेहाच्या, रक्त पातळ करणाऱ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर पहिल्याच दिवशी सांगा, कारण रिफाम्पिसिनमुळे त्यांचा असर कमी होतो. आठवड्याचा साठा उरला की पुढचा आणायला जा. २०२४मध्ये बऱ्याच ठिकाणी टीबीच्या औषधांचा तुटवडा पडला होता. औषधाला दाद न देणारा टीबी निघाला तरी औषधं फुकटच मिळतात आणि बऱ्याच रुग्णांना आता सहा महिन्यांचाच कोर्स पुरतो. ती महागडी औषधं बाहेरून विकत घेऊ नका.

आता तुम्हाला मिळायचे पैसे. रुग्णाची ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर नोंद होते, तिचा आयडी मागून घ्या आणि लिहून ठेवा. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला हजार रुपये मिळतात. सहा महिन्यांच्या कोर्सला सुरुवातीला तीन हजार आणि ८४ दिवस औषधं झाल्यावर आणखी तीन हजार, थेट खात्यात. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यांनाही. ही नोंद करणं त्या डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ‘बघू’ म्हटलं तर पुन्हा विचारा. पैसे अडतात ते बहुतेक वेळा खातं आधारला जोडलेलं नसतं म्हणून, किंवा नावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून. ते बँकेत जाऊन सुटतं. फॉर्म भरून देतो, शंभर-दोनशे द्या, असं म्हणणाऱ्याला काहीही देऊ नका. धान्याचा संच देणारे निक्षय मित्र असतात. आपल्या भागात कोणी आहे का, ते केंद्रातच विचारा.

पगारातून ईएसआयसी कापली जाते? मग रजेत पहिले ९१ दिवस ७० टक्के पगार आणि त्यानंतर टीबीसाठी ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं. हा वाढीव लाभ मिळायला दोन वर्षं सलग नोकरी आणि ठरलेली वर्गणी भरलेली हवी. हे अनेकांना माहीतच नसतं आणि कंपनी आपणहून सांगेल याची खात्री नाही.

तरीही खिशातून जातातच: बुडालेली रोजी, रिक्षाभाडं, रोजचं खाणं. प्रोटीन पावडरच्या डब्यावर उडवू नका. तेवढ्यात महिनाभराची अंडी, डाळ, शेंगदाणे येतात. घरात औषध फवारून घेणं, रुग्णाला वेगळं ताट-वाटी, हाही वायफळ खर्च. टीबी भांड्यांतून पसरत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, खोकणाऱ्याला मास्क द्या. औषधं लागू पडली की साधारण दोन आठवड्यांत लागण होण्याची भीती बरीच ओसरते.

फुप्फुसाचा टीबी असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी त्याच केंद्रात करून घ्या, लहान मुलांची आधी. आजार नाही असं ठरलं तर प्रतिबंधक गोळ्या मिळतात: आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रा, किंवा रोज एक गोळी सहा महिने. याही फुकट.

कोर्स मध्येच गावी किंवा दुसऱ्या शहरात जायचं असेल तर आधी केंद्रात सांगा. नोंद तिकडे वळवतात, औषधं तिथे मिळतात. कोर्स संपल्यावर फाइल रद्दीत घालू नका. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावतात, तेव्हा फाइल सोबत लागते.