खिळ्याचा गंज आणि जुन्या होडीचं इंजिन



माझी शाळा कोकण किनाऱ्यावर आहे. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरचा धंदा मासेमारीचा. पाचवीला गंजाचा प्रयोग घेतला तेव्हा एका मुलाने विचारलं, "बाई, खाऱ्या पाण्यातला खिळा एवढा गंजला, मग आमच्या होडीचं इंजिन पण आतून गंजेल? पप्पा नवी होडी घेतायत. म्हणजे जुनीच, पण आमच्यासाठी नवी."

या प्रश्नाचं उत्तर मला नीट देता आलं नाही. मग त्याच्या वडिलांना आणि आमच्या बंदरावरच्या इंजिन मिस्त्रीकाकांना विचारून शिकले. तेच आज तुमच्यासमोर मांडते.

आधी प्रयोग

चार काचेचे ग्लास आणि चार नवे लोखंडी खिळे घ्या.
१) पहिल्यात साधं पाणी. खिळा अर्धा बुडेल एवढंच.
२) दुसऱ्यात तेवढंच पाणी, त्यात दोन चमचे मीठ.
३) तिसऱ्यात उकळून घेतलेलं पाणी भरा, खिळा पूर्ण बुडवा आणि वर गोडेतेलाचा थर द्या. (हे काम मोठ्यांनी करावं.)
४) चौथ्यात फक्त कोरडा खिळा, वर झाकण.

रोज निरीक्षण करून वहीत चित्र काढायला सांगा. तीन-चार दिवसांत फरक दिसतो. कोरडा खिळा तसाच राहतो. तेलाखालच्या खिळ्यालाही गंज फारसा धरत नाही, कारण उकळल्यामुळे पाण्यातली हवा निघून जाते आणि तेल नवी हवा आत येऊ देत नाही. म्हणजे गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. मीठ असलं की ही क्रिया झपाट्याने होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दर्यातल्या इंजिनाची गाठ रोज या पाण्याशी असते!

इंजिनात खारं पाणी येतं कुठून?

काही होड्यांचा धूर कोरड्या नळीने सरळ वर जातो. पण बऱ्याच बोटींत पंप समुद्राचं पाणी ओढतो, ते इंजिन थंड करतं आणि शेवटी गरम धुरात मिसळून बाहेर पडतं. धूर गोळा करणाऱ्या भागाला मॅनिफोल्ड म्हणतात. पाणी आणि धूर जिथे एकत्र येतात त्या वाकड्या तुकड्याला आमच्याकडे एल्बो म्हणतात. हा एल्बो बहुधा ओतीव लोखंडाचा असतो. उष्णता, मीठ, हवा आणि धुरातली आम्लं, चौघांचा मारा एकाच ठिकाणी. म्हणून तो आतून झिजतो आणि बाहेरून मात्र धडधाकट दिसतो.

आतली भिंत फुटली तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे इंजिन सुरू करताना आतला दांडा वाकतो आणि मोठा खर्च निघतो. बाहेरची भिंत फुटली तर धूर इंजिनखोलीत आणि केबिनमध्ये शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. बंद केबिनमध्ये झोपलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

होडी घेण्याआधी काय बघायचं?

१) इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर सुरू व्हायला किती त्रास देतं ते कळत नाही.
२) सांध्यांवर तपकिरी ओघळ, पांढरे मिठाचे खडे किंवा काळी काजळी दिसते का? दिसली तर तिथून गळती आहे.
३) बाकी इंजिन जुनाट आणि फक्त एल्बोवर ताजा रंग? मग का रंगवला, ते विचाराच.
४) रबरी नळी दाबून बघा. मऊ पडलेली, जळकी किंवा भेगाळलेली नसावी. पट्ट्या गंजलेल्या नसाव्यात.
५) मालकाच्या परवानगीने नळी काढून एल्बोत बॅटरी मारा. पापुद्रे आणि काजळीने वाट अरुंद झाली असेल तर तो बदलावाच लागेल.
६) इंजिन ऑइलची पट्टी बघा. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरलेलं असू शकतं.
७) होडी पाण्यात असतानाच इंजिन सुरू करा. कोरड्यावर चालवलं तर पंपातलं रबरी चक्र जळतं. धुराबरोबर पाणी नीट बाहेर पडायला हवं. पाणी कमी आणि गरम झाल्यावरही दाट पांढरी वाफ येत असेल तर थांबा.
८) एल्बो शेवटचा कधी बदलला ते विचारा आणि पावती मागा. "कधीच बदलावा लागला नाही" ही खाऱ्या पाण्यात कौतुकाची गोष्ट नाही.

पुढे काय झालं?

त्या मुलाचे वडील मिस्त्रीकाकांना घेऊन गेले. लेकरूही हट्टाने सोबत गेलं. रंग चकाचक होता. काकांनी नळी काढली, एल्बोच्या आतल्या भिंतीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं आणि ते सरळ आरपार गेलं. मालकालाही ठाऊक नव्हतं म्हणे. व्यवहार मोडला नाही. नवा एल्बो बसवून, त्याचे पैसे किमतीतून वळते करून होडी घेतली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात काम उरकून घेतलं. घरातले दागिने गहाण ठेवून हे पैसे उभे केले होते, हे मला नंतर त्याच्या आईकडून कळलं.

वर्गात विचारायचे प्रश्न

• तुमच्या घरी कोणत्या वस्तू लवकर गंजतात? त्या कुठे ठेवलेल्या असतात?
• रंग किंवा ग्रीस लावल्याने गंज का थांबतो?
• गंजलेल्या वस्तूवर नुसता रंग फासला तर काय होईल?

शेवटच्या प्रश्नाला त्याच मुलाने हात वर केला. म्हणाला, "बाई, रंग बघायचा नाय, आत बघायचं."

पालकहो, मूल घरी येऊन खिळे आणि मीठ मागेल तेव्हा "पसारा नको" म्हणू नका. द्या.