छत्तीस म्हणजे नक्की किती?

समजा, साताऱ्याच्या खण आळीत तुम्ही एक तयार कुर्ता घेतला. गळ्यापाशी शिवलेल्या चिठ्ठीवर 'एम' असे अक्षर आहे आणि कुर्ता अंगाला छान बसतो. पुढच्या महिन्यात मावशीकडे सांगलीला गेलात, मारुती रोडवरच्या दुकानात 'एम'चाच कुर्ता घालून पाहिला, तर तो काखेत काचतो. दुकानदार 'एल' काढून देतो, तोही घट्ट. शेवटी 'एक्सएल' बसतो. आणखी एका दुकानात मात्र 'एस'सुद्धा सैल होतो! महिन्याभरात तुमचे अंग काही इतके बदललेले नाही. मग बदलले काय?

त्याच बाजारातून एक किलो साखर घेतली असती तर ती दोन्ही गावांत सारखीच भरली असती. आपल्या देशात १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने वापरात येऊ लागली, आणि किलो म्हणजे किती हे दुकानदाराच्या मर्जीवर राहिले नाही. वजनमापे खात्याचा निरीक्षक येऊन काटा तपासू शकतो. 'एम' मात्र कोणत्या काट्यावर तपासणार? खरे सांगायचे तर 'एम' हे माप नव्हेच. ते एक नाव आहे. कारखान्याने आपल्या मनाप्रमाणे ठेवलेले नाव.

आता कोणी म्हणेल, अक्षरांचे सोडा, आकडा तरी खरा असेल. ब्लाउजवर ३४, ३६, ३८ असे लिहिलेले असते, ते तर इंच आहेत ना? इंच आहेत हे खरे, पण कशाचे? एका कारखान्यात ३६ म्हणजे ज्या बाईच्या छातीचा घेर ३६ इंच आहे तिच्यासाठी शिवलेला कपडा. दुसऱ्या कारखान्यात ३६ म्हणजे खुद्द कपड्याचाच घेर. या दोहोंत मोठा फरक आहे. दीर्घ श्वास घेऊन छातीला टेप लावून पाहा. घेर इंच-दीड इंच तरी वाढलेला दिसेल. शिवाय हात वर करायचा असतो, सायकल चालवायची असते, वाकून पाणी भरायचे असते. म्हणून न ताणणाऱ्या सुती कापडाचा कुर्ता शिवताना शिंपी अंगाच्या मापावर तीन-चार इंच सैलपणा धरतो. ३६ इंच छातीला कुर्त्याचा घेर ३९ किंवा ४० इंच हवा. चिठ्ठीवर अंगाचे माप लिहिले की कपड्याचे, हे चिठ्ठी पाहून कळत नाही. आपल्याकडे न पटणाऱ्या दोघांत 'छत्तीसचा आकडा' आहे असे म्हणतात, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. दोन कारखान्यांचे ३६ पुष्कळदा असेच पाठमोरे असतात.

हा फरक डोळ्यांना का दिसत नाही, हे भूमितीने समजते. वर्तुळाचा परीघ = २ × पाय × त्रिज्या. छाती काही अचूक वर्तुळ नाही, पण अंदाजासाठी तसे धरू. परीघ २ इंचांनी वाढला तर त्रिज्या २ भागिले ६.२८, म्हणजे सुमारे ०.३२ इंच किंवा ८ मिलिमीटर वाढते. शेजारशेजारच्या दोन मापांत पुष्कळदा दोन इंचांचे अंतर असते. म्हणजे एक माप मोठा कपडा अंगापासून सगळीकडे जेमतेम पेन्सिलीच्या जाडीइतकाच जास्त दूर राहतो! टांगलेल्या कुर्त्याकडे पाहून हा फरक सांगणे अवघड. अंगात घातल्यावर मात्र कातडीला तो लगेच कळतो.

बाजारात एक वस्तू अशी आहे की तिचे माप सहसा फसवत नाही. ती म्हणजे बांगडी. पालीच्या खंडोबाच्या जत्रेत किंवा खरसुंडीच्या यात्रेत बांगड्यांच्या दुकानात 'दोन-चार', 'दोन-सहा', 'दोन-आठ' असे शब्द तुम्ही ऐकले असतील. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि एका इंचाच्या सोळा भागांपैकी चार भाग, अर्थात सव्वादोन इंच. हा बांगडीचा आतला व्यास. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. (सोळा आण्यांचा रुपया होता त्या काळातल्या माणसांना हा सोळाचा हिशेब शिकवावा लागत नसे.) बांगडीचे माप विश्वासाचे का? कारण बांगडीला एकच माप असते, ती ताणत नाही, धुतल्यावर आटत नाही, आणि आकडा म्हणजे प्रत्यक्ष लांबी आहे. कुर्त्याच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट खरी नाही.

कुर्त्याला छाती हवी, कंबर हवी, सीट हवी, खांदा, मुंढा, बाहीची लांबी आणि पूर्ण उंची हवी. गावातली शिंपीण ही सगळी मापे घेऊन वहीत लिहिते, आणि शिवणीच्या आत थोडे कापड 'माया' म्हणून सोडते. पुढे अंग भरले तर शिवण उसवून माया सोडायची. किती नेमका शब्द आहे पाहा! आपल्या आज्यांना साडीला माप लागत नसे आणि खणाची चोळी ज्याच्या त्याच्या अंगावर बेतलेली असे. 'तुमचा नंबर कोणता?' हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसेल. तयार कपडा आला आणि सात-आठ मापांच्या जागी एक आकडा आला.

दुकानदाराचाही यात इलाज नसतो. छातीची पाच मापे धरा. प्रत्येक छातीला कंबर-सीटचे तीन प्रकार आणि उंचीचे तीन प्रकार धरले तर ५ × ३ × ३ = ४५ मापे झाली. रंग चार असतील तर एकाच नमुन्याचे १८० कुर्ते ठेवावे लागतील. तो ठेवतो पाच मापे, चार रंग, म्हणजे वीस. उरलेल्या सगळ्यांनी त्या वीसांत आपले अंग बसवायचे.

मग सरासरी अंग शोधून त्यावर कपडा बेतला तर? अमेरिकेत हे एकदा करून पाहिले गेले. हजारो तरुण स्त्रियांच्या मापांच्या सरासरीवरून 'नॉर्मा' नावाचा एक पुतळा घडवला होता. १९४५ मध्ये क्लीव्हलँड शहरात स्पर्धा जाहीर झाली : या पुतळ्याशी जिची मापे जुळतील तिला बक्षीस. ३,८६४ स्त्रियांनी आपली मापे पाठवली. नऊच्या नऊ मापे जुळणारी एकही निघाली नाही. नऊपैकी पाच मापे तरी सरासरीच्या जवळ आहेत अशा चाळीसही नव्हत्या. एकेका मापाची सरासरी काढता येते, पण सगळ्या सरासऱ्या एकत्र असलेले माणूस भेटत नाही. शिक्षकांनी गणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे. सरासरी म्हणजे काय नव्हे, ते यातून छान कळते.

स्त्रियांच्या कपड्यांचा क्रमांक कसा घसरत गेला, याचा लेखी पुरावाही अमेरिकेतच चांगला सापडतो. तिथे पूर्वी मुलींच्या कपड्यांवर वयाचा आकडा असे. १४ क्रमांक म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीचा कपडा. सगळ्या चौदा वर्षांच्या मुली सारख्या नसतात हे सांगायला शास्त्रज्ञ नको, तुमच्या वर्गात नजर टाकली की पुरे. कपडे परत येऊ लागले, दुरुस्तीचा खर्च वाढला. तेव्हा १९३९-४० मध्ये तिथल्या शेती खात्याच्या वतीने रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. काम प्रचंड होते, पण त्यात एक मोठा दोष राहिला : हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली गेली. या मापांच्या आधारे १९५८ मध्ये एक सरकारी प्रमाण तक्ता निघाला. तो पाळणे कोणावर सक्तीचे नव्हते. १९७० मध्ये त्यात सुधारणा झाली आणि १९८३ मध्ये तो मागेच घेण्यात आला.

यानंतर आकड्याला लगाम उरला नाही. १९५८ च्या तक्त्यात ८ क्रमांकाला छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस इंच होती. आज त्या अंगाच्या स्त्रीला तिकडच्या पुष्कळ दुकानांतला सर्वांत लहान कपडाही सैल होईल. याचे एक कारण असे की माणसांची अंगे सरासरीने मोठी झाली. दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. बारा क्रमांक लागणाऱ्या बाईला दहाचा कपडा बसला तर तिला बरे वाटते, आणि ती त्याच दुकानातून पुन्हा खरेदी करते. म्हणून कारखानदार कपडा तोच ठेवून चिठ्ठी लहान क्रमांकाची लावू लागले. याला तिकडे 'व्हॅनिटी सायझिंग' म्हणतात. आपण 'खुशामतीचे माप' म्हणू. एकाने सुरू केले की दुसऱ्याला करावेच लागते. आकडे खाली खाली जाऊन शून्यावर आले, आणि शून्यही पुरेना तेव्हा 'दुहेरी शून्य' असे माप निघाले. दोन शून्ये मिळून एका शून्यापेक्षा लहान, हे गणित कपड्यांच्या दुकानाबाहेर कुठे चालणार नाही!

आपल्या बाजारात खुशामत आणि तिच्या उलट प्रकार, दोन्ही एकत्र आढळतात. चीन-कोरियाकडच्या गिऱ्हाइकांसाठी बेतलेला 'एल' आपल्या 'एम'पेक्षाही लहान निघू शकतो. घरबसल्या मागवलेले कपडे परत पाठवायची वेळ येते ती पुष्कळदा यामुळेच. पण पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. 'एक्सएल'ची चिठ्ठी पाहून नववीतली मुलगी हिरमुसते, मैत्रिणींसमोर ती चिठ्ठी लपवते, कधी जेवण तोडते. ज्या आकड्यावरून ती स्वतःला नावे ठेवते, तो दोन दुकानांतसुद्धा एक नसतो. थर्मामीटर प्रत्येक दवाखान्यात वेगळा ताप दाखवू लागला तर आपण थर्मामीटर बदलू. रोग्याला दोष देणार नाही.

वय किंवा इयत्ता म्हणजे माप नव्हे, याचा अनुभव महाराष्ट्राने अलीकडे घेतला. २०२४-२५ या वर्षी सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' योजनेखाली गणवेशाचे काम राज्य पातळीवरून झाले. गणवेश उशिरा आले, आणि माप न जुळल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवायचे ठरवले. समितीजवळ गावातला शिंपी असतो आणि शिंप्याजवळ टेप. एवढा साधा फरक!

मग भारतीय अंगांचा तक्ता का नाही? तोही प्रयत्न सुरू झाला. निफ्ट या संस्थेने २०१८ मध्ये 'इंडियासाइझ' ही पाहणी जाहीर केली. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापे घेण्याचे ठरले. टेपऐवजी प्रकाशाच्या साहाय्याने अंगाचा त्रिमितीय नकाशा घेणारे यंत्र वापरायचे. ते काही सेकंदांत शंभराहून अधिक मापे काढते, अंगाला हात लावावा लागत नाही. काम मोलाचे आहे. तरीही सहाही ठिकाणे शहरेच आहेत हे नजरेआड करू नये. माणच्या माळावर खुरपणारी बाई आणि मुंबईत टेबलाशी बसून काम करणारी बाई यांचे खांदे आणि दंड सारखेच असतील का? आणि तक्ता कितीही चांगला झाला, तरी तो पाळला गेला तरच उपयोग.

दरम्यान २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांसाठी नियमांत बदल केला. त्यानुसार कपड्यावर 'एस', 'एम', 'एल' अशा खुणेबरोबर मेट्रिक मापही द्यायचे असते. अक्षराकडे पाहू नका, सेंटिमीटरचा आकडा शोधा. तो अंगाचा की कपड्याचा, हे दुकानदाराला विचारा.

आता एक प्रयोग. घरातले एकच अक्षर किंवा एकच आकडा असलेले पाच-सहा कपडे काढा. प्रत्येक कपडा न ताणता जमिनीवर सपाट पसरा. काखेच्या एक इंच खाली या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. हा कपड्याचा घेर. वर्गात फळ्यावर सगळ्यांचे 'एम' चढत्या क्रमाने मांडा, सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करा. शिक्षकांना विनंती, की कपडेच मोजावेत; मुलामुलींची अंगे वर्गात मोजू नयेत, आणि कोणता कपडा कोणाचा हे फळ्यावर लिहू नये.

वेळ असेल तर दुसरा प्रयोगही करा. न धुतलेल्या सुती कापडावर ५० सेंटिमीटर बाजूचा चौरस पक्क्या शाईने आखा. कापड धुऊन, वाळवून पुन्हा मोजा, आणि असे तीनदा करा. पहिल्या धुण्यात कापड शेकडा पाच आटले तर ४० इंच घेराचा कुर्ता ३८ इंचांचा होतो, म्हणजे चिठ्ठी न बदलता तो एक माप खाली येतो. जुने शिंपी 'कापड भिजवून आणा' असे का सांगत, ते त्या चौरसाच्या बाजू मोजताना कळेल. उभा आणि आडवा धागा सारखाच आटतो का, तेही वहीत लिहून ठेवा.