फटफटीचे दुखणे

मोटारसायकलला आपल्या आजोबांच्या पिढीने 'फटफटी' म्हटले, ते उगीच नव्हे. एका सिलिंडरच्या इंजिनातील प्रत्येक स्फोट कानांना निरनिराळा ऐकू येतो, आणि त्यातला एखादा चुकला तर गल्लीच्या टोकाला बसलेल्या माणसालाही कळते. चार सिलिंडरांच्या मोटारीत एखादा सिलिंडर आजारी पडला तर उरलेले तिघे त्याचा भार ओढतात व दुखणे बरेच दिवस झाकून राहते. एकट्या सिलिंडरला ती सोय नाही. त्याचे दुखणे लगेच कळते. मात्र ते कळणे आणि त्याचे कारण कळणे या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, याचा धडा आम्हाला गेल्या उन्हाळ्यात दौलतगंजातील आमच्या घराच्या ओट्यावर मिळाला.

आमच्या काकांची ३५० सीसीची बुलेट १९७८ सालापासून घरात आहे. आमच्यापैकी अनेकांनी शाळेचा पहिला दिवस तिच्या टाकीवर बसून गाठला. अलीकडे मात्र ती चालता चालता आचके देऊ लागली. काकांनी आता सत्तरी ओलांडली आहे. भर उन्हात दहा-दहा किका मारणे त्यांच्याने होईना. एक गिऱ्हाईक दारात येऊन भाव सांगून गेले, तो भाव जवळजवळ भंगाराचाच होता. काका म्हणाले, "दिवाळीपर्यंत नीट झाली तर ठीक, नाहीतर देऊन टाकू." एवढे बोलून ते आत गेले, आणि त्या दिवशी चहाला बाहेर आले नाहीत.

तपासाकडे वळण्यापूर्वी या इंजिनाची थोडी ओळख करून घेऊ. बुलेट मूळची इंग्लंडातील रेडिच येथील. १९५५ साली मद्रासला 'एन्फील्ड इंडिया' ही कंपनी निघाली व गाडी या देशाची झाली. जुन्या ३५० च्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ९० मिलिमीटर. विद्यार्थ्यांनी वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावून पाहावे. उत्तर ३४६ घनसेंटिमीटरच्या आसपास येईल. जर्मनीच्या निकोलाउस ओटो याने १८७६ साली यशस्वी करून दाखवलेले चार धावांचे चक्रच येथेही चालते. मिश्रण आत घेणे, ते दाबणे, पेटवणे व धूर बाहेर टाकणे यांत दांडा दोनदा फिरतो आणि ठिणगी एकदाच पडते. म्हणजे मिनिटाला २४०० फेरे होत असतील तर सेकंदाला २० ठिणग्या हव्यात, त्याही प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी.

तेव्हा इंजिनाच्या गरजा तीनच: पुरेसा दाब, योग्य मिश्रण आणि वेळेवर पडणारी सशक्त ठिणगी. हे आम्ही वर्गात फळ्यावर कितीदा लिहिले असेल! पण स्वतःवर वेळ आली तेव्हा नेमके विसरलो.

आमच्या गाडीची लक्षणे अशी. सकाळी थंड असताना ती दुसऱ्या किकेला सुरू होई. दौलतगंजातून निघून बाड्यावरून पुढे जाईपर्यंत तक्रार नसे. मात्र किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याचा चढ लागला की ठोके चुकू लागत, सायलेन्सरमधून बार निघत, आणि अर्ध्या चढावर ती बंद पडे. मग अर्धा तास सावलीत उभी केल्यावाचून सुरू होत नसे.

थोडे अंतर चालून बंद पडणे याचे एक अगदी साधे कारण असू शकते. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. आमच्याकडच्या धुळीने ते बुजले तर टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल खाली उतरत नाही. अशा वेळी झाकण उघडून पुन्हा लावले की गाडी चालू होते. आम्ही चढावर झाकण उघडून पाहिले. काही फरक पडला नाही. कार्बोरेटरची वाटी उतरवून पाहिली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते पाणी ओढून घेते, त्यामुळे बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीची वाटी तपासलेली बरी. वाटी स्वच्छ निघाली.

मग प्लग काढला. प्लग हा इंजिनातला साक्षीदार होय. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर सारे आलबेल. पांढरे पडले असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी. तेलकट असेल तर तेल वर चढते आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. आमचा प्लग काजळीने काळाकुट्ट होता. झाले! पेट्रोल जास्त जात आहे असा निकाल देऊन आम्ही कार्बोरेटरची सुई एक खाच खाली उतरवली व स्वतःवर खूश झालो.

दुसऱ्या दिवशी गाडी आणखी बिघडली. आता ती थंड असतानाही कार्बोरेटरमधून शिंकू लागली आणि इंजिन नेहमीपेक्षा अधिक तापू लागले. ग्वाल्हेरचा मे महिना आधीच भट्टीसारखा, त्यात ही भर. साक्षीदाराचे म्हणणे आम्ही अर्धेच ऐकले होते. काजळी म्हणजे न जळलेले पेट्रोल. पण ते जास्त आल्यामुळे जळले नाही, की ठिणगीच दुबळी असल्यामुळे, हे प्लग सांगत नाही. तो प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता, आणि त्यापायी एका दुखण्याची दोन करून बसलो.

तेव्हा बाड्याजवळच्या एका वयस्क मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी किक पायाने हळूहळू दाबली. दट्ट्या वर येताना ती घट्ट अडली आणि अडूनच राहिली. अर्थात दाब ठीक होता. नंतर थंड इंजिनावर, दोन्ही झडपा मिटलेल्या स्थितीत, त्यांनी पुशरॉड बोटांनी फिरवून पाहिले. या इंजिनात ते सहज फिरावेत पण वरखाली हलू नयेत, असा नियम आहे. टॅपेट अधिक आवळले तर झडप पूर्ण मिटत नाही व एक्झॉस्टची झडप करपते. तेथेही दोष नव्हता. मग ते म्हणाले, "आता हिला दमवून आणा, आणि अंधार पडल्यावर दाखवा."

संध्याकाळी चढावर दमवलेली गाडी कशीबशी घरी आणली. मिस्त्रींनी पॉइंटांवरचे झाकण काढून इंजिन चालू ठेवले, आणि ओट्यावरचा दिवा मालवायला सांगितला. पॉइंटांच्या फटीत निळीपांढरी ठिणगी सारखी तडतडत होती. जी ठिणगी प्लगवर पडायची, तिचे बळ येथेच वाया जात होते.

याचे कारण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना समजायला अवघड नाही. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो व तिच्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच प्रवाह एकदम तुटला पाहिजे. क्षेत्र जितके झटकन कोसळेल तितका दुसऱ्या वेटोळ्यात विद्युद्दाब अधिक. परंतु प्रवाह सहजासहजी थांबत नाही, तो उघडत्या फटीवरून उडी मारू पाहतो. त्या क्षणी त्याला सामावून घेण्यासाठी पॉइंटांना समांतर कंडेन्सर जोडलेला असतो. कंडेन्सर खराब झाला की प्रवाह रेंगाळतो, पॉइंट जळतात, आणि प्लगची ठिणगी अशक्त होते. आतील विद्युतरोधक पदार्थ जुना झाला म्हणजे थंड असताना तो काम देतो व तापल्यावर दगा देतो. अर्धा तास सावलीत बसल्यावर गाडीला हुशारी का येई, ते आता उलगडले.

नवा कंडेन्सर बसवला, खड्डे पडलेले पॉइंट बदलले आणि फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मध्ये फीलर गेजने जुळवली. तरी गाडी शिंकतच होती. मिस्त्रींनी आमच्याकडे पाहिले. कार्बोरेटरला हात लावल्याचे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते. लाज वाटली होती, दुसरे काय. सुई पुन्हा मूळच्या खाचेवर आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका स्वतः उरवाईचा चढ चढून गेले. परत आल्यावर आम्ही प्लग काढला. टोक फिकट तपकिरी होते. ते गिऱ्हाईक दसऱ्याच्या सुमारास पुन्हा येऊन गेले. काकांनी त्याला चहा पाजला, गाडीविषयी मात्र चकार शब्द काढला नाही.

जुना कंडेन्सर आम्ही शाळेत नेला. सातवीच्या मुलांनी त्याची डबी कापली, आतली पातळ धातूच्या पट्टीची व कागदाची गुंडाळी उलगडून बाकावर पसरली. कागदावर एके ठिकाणी मोहरीएवढा करपट डाग सापडला. ती पट्टी प्रयोगशाळेच्या कपाटात, काचेच्या बाटलीत ठेवली आहे.