व्हेनिसला मुक्कामाला जा

पोरी, सगळ्यात आधी राहायच्या जागेचं बोलू. स्वस्त पडतं म्हणून मेस्त्रेला हॉटेल घेऊ नका. मेस्त्रे हे खाडीच्या अलीकडचं, मुख्य भूमीवरचं गाव. तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनात पोचता येतं, हे खरं. पण मग सगळ्यांबरोबर सकाळी दहाला यायचं, सगळ्यांबरोबर संध्याकाळी परतायचं, आणि मधला वेळ माणसांच्या पाठी बघत काढायचा. हे शहर बघावं ते सकाळी आठच्या आत आणि रात्री नवानंतर. पहाटे भाजीच्या, कचऱ्याच्या, बांधकामाच्या सामानाच्या होड्या कालव्यांतून फिरत असतात, दप्तरं घेतलेली मुलं पूल ओलांडून शाळेला जातात. रात्री सान मार्कोच्या चौकात आपल्याच पावलांचा आवाज येतो. सहलीतला पॅरिसचा एक दिवस कापलास तरी चालेल, पण निदान तीन रात्री बेटावर काढा. कान्नारेज्जो किंवा कास्तेल्लो भागात खोली बघ. तिथे अजून घरांच्या खिडक्यांतून धुणं वाळत असतं.

यात पैशाचाही एक मुद्दा आहे. 2024 पासून वसंतातल्या आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरतं येणाऱ्यांकडून शहर प्रवेशशुल्क घेतं. मुक्काम करणाऱ्याला ते माफ असतं, कारण हॉटेलच्या बिलातच मुक्कामाचा कर असतो. पण माफी आपोआप मिळत नाही. महापालिकेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून त्याचा कोड मोबाइलमध्ये ठेवावा लागतो. निघण्याआधी तुमच्या तारखा शुल्काच्या दिवसांत येतात का, ते बघून घे.

खोली ठरवताना आणखी दोन प्रश्न विचार. लिफ्ट आहे का, आणि जवळच्या बोटीच्या थांब्यापासून मध्ये पूल किती? तुझ्या सासूबाईंचे गुडघे लक्षात घे. शहरात 400 च्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. चाकांची बॅग तिथे ओढायची नसते, उचलायची असते. एवढ्यासाठीच मोठ्या दोन बॅगांऐवजी लहान तीन न्या.

पत्त्यांची तऱ्हा वेगळी आहे. शहराचे सहा भाग आहेत, आणि घराचा क्रमांक गल्लीचा नसून त्या अख्ख्या भागाचा असतो. म्हणजे 'कास्तेल्लो' आणि पुढे चार आकडी संख्या, संपला पत्ता. एवढ्यावरून घर सापडत नाही. यजमानाकडून गल्लीचं नाव, जवळचा चौक आणि बोटीचा थांबा हे तिन्ही लिहून घे. तिथे चौकाला कांपो म्हणतात, गल्लीला काले आणि पाण्याकाठच्या रस्त्याला फोंदामेन्ता. ही नावं भिंतीवर चुन्याचा पांढरा चौकोन काढून त्यावर काळ्या अक्षरांत रंगवलेली असतात. मोबाइलचा नकाशा अरुंद गल्ल्यांमध्ये गोंधळतो आणि थेट पाण्यापाशी नेऊन उभा करतो. तेव्हा कोपऱ्यावरच्या रिआल्तो, सान मार्को, फेर्रोव्हिया या दिशादर्शक पाट्या धरून चाला. फेर्रोव्हिया म्हणजे रेल्वे स्टेशन.

बोटीला तिथे व्हापोरेत्तो म्हणतात, आणि तीच तिथली बस. या घडीला 75 मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरोला, 24 तासांचं 25 ला आणि 72 तासांचं 45 ला आहे. सासूबाई बरोबर असल्यामुळे तुम्ही 72 तासांचंच घ्या, म्हणजे त्या दमल्या की पुढचा थांबा गाठून बोटीत बसता येईल. दर वेळी चढण्याआधी तिकीट यंत्राला टेकवायचं, पास असला तरी. पाठीवरची सॅक काढून पायांशी ठेवायची, नाहीतर मागच्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर ती आपटते. पहिल्या संध्याकाळी 1 नंबरच्या बोटीने स्टेशनपासून सान मार्कोपर्यंत जा. ती जवळजवळ प्रत्येक थांब्यावर थांबत मोठ्या कालव्यातून संथ जाते. दोन्ही काठांचे वाडे बसल्या जागी बघायला मिळतात.

गोंडोला हवीच असेल तर सरकारी दर माहीत असू दे: दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 35 मिनिटांना 110. हा दर अख्ख्या होडीचा आहे, माणशी नाही. होडीत पाच जणांना बसता येतं. बसण्याआधी दर आणि मिनिटं दोन्ही तोंडी ठरवून घे. माझ्या मते मात्र त्रागेत्तो पुरे. मोठ्या कालव्यावर पूल चारच, म्हणून मधल्या काही ठिकाणी दोन वल्हेकऱ्यांची साधी गोंडोला माणसं पलीकडे सोडते. भाडं दोन युरो. सांता सोफियाहून बसलात की पलीकडे थेट रिआल्तोच्या बाजारात उतरता. सासूबाईंना आधी हात देऊन बसव, होडी हलते.

रिआल्तोचा मासळीबाजार बघितल्याशिवाय येऊ नकोस. रविवार-सोमवारी तो बंद असतो, बाकीच्या दिवशी सकाळी लवकर जायचं. आपल्याकडची तारली आणि म्हाकुल तिथेही बर्फावर मांडलेली दिसतील. तारलीचा त्यांचा एक प्रकार जरूर खा: सार्दे इन साओर. तळलेली तारली परतलेल्या भरपूर कांद्यात आणि व्हिनेगरमध्ये मुरवतात, वर बेदाणे आणि चिलगोजे. दर्यावर्दी लोकांचं टिकाऊ खाणं ते. आपल्या कोकणी जिभेला ते पहिल्या घासाला आवडतं. खायचं ते बाकारोत, म्हणजे तिथल्या छोट्या मद्यालयांत. काउंटरवर चिक्केत्ती म्हणून पावाच्या तुकड्यांवर नाना प्रकार मांडलेले असतात. बोट दाखवायचं, उभ्यानं खायचं, पैसे द्यायचे. बसलं की दर वाढतो, कॉफीचासुद्धा. सान मार्कोमधलं फ्लोरियान कॅफे 1720 पासून चालू आहे, पण बाहेर वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचे पैसे बिलात वेगळे लागतात. बसायचं तर हे धरूनच बसा.

सासूबाई शाकाहारी, म्हणून हे नीट वाच. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' एवढं इटालियन पाठ कर: मांस नको, मासे नकोत. नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. रिसोत्तोचा भात बऱ्याचदा मांसाच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजवतात. बिगोली इन साल्सा नावाची साधी दिसणारी शेवई खारवलेल्या मासळीच्या चटणीत घोळलेली असते. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं बनतं, ते त्यांना चालतं का, ते आधीच विचारून ठेव. टोमॅटोचा पास्ता, भाज्यांची पोलेन्ता, मार्गेरिता पिझ्झा यांवर दिवस निघतात. तरी खोलीला स्वयंपाकघर असेल असं बघ आणि थालीपिठाची भाजणी ने. रात्री दमून आल्यावर त्यांना गरम थालीपीठ मिळालं की दुसऱ्या दिवशी त्याच तुझ्याआधी तयार होतील.

पिण्याचं पाणी विकत घेऊ नका. चौकाचौकांत नळ वाहत असतात, ते पाणी चांगलं असतं, बाटल्या भरून घ्या. आणि चौकाच्या मधोमध दगडी कोरीव काठाची झाकलेली विहीर दिसली की थांबा. ती नुसती शोभेची नाही. चहूबाजूंना खारं पाणी, म्हणून या लोकांनी चौकाखाली चिकणमातीनं लिंपलेली टाकी बांधून ती वाळूनं भरली. पावसाचं पाणी फरशीतल्या भोकांतून वाळूत गाळलं जाऊन मधल्या विहिरीत जमायचं. 1884 मध्ये मुख्य भूमीवरून नळ येईपर्यंत अनेक शतकं शहर यावर जगलं. तुझ्या नवऱ्याला पाण्याच्या कामात रस आहे, त्याला हे आवर्जून दाखव.

सान मार्कोच्या चर्चसाठी वेळ ठरवून आधीच तिकीट काढ. खांदे-गुडघे झाकलेले हवेत आणि मोठी बॅग आत नेता येत नाही. वरच्या मजल्यावर जा. 1204 मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटून आणलेले घोड्यांचे चार मूळ पुतळे तिथे आत आहेत, बाहेर दिसतात त्या प्रतिकृती. मनोऱ्यासाठी मात्र चौकातल्या रांगेत उभे राहू नका. बोटीनं समोरच्या सान जोर्जो माज्जोरे बेटावर जा. तिथल्या मनोऱ्यालाही लिफ्ट आहे, गर्दी कमी, आणि वरून सान मार्कोचा मनोरासुद्धा चित्रात येतो.

डोज म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख. त्याच्या राजवाड्यासमोर पाण्याच्या बाजूला एक दणकट दगडी इमारत आहे, बहुतेक जण तिच्याकडे न बघता फोटो काढत पुढे जातात. ती व्हेनिसची जुनी टांकसाळ. व्हेनिसचं सोन्याचं नाणं 1284 पासून पाडलं जाऊ लागलं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, दुसरीकडे ख्रिस्त. व्यापारातून ते आपल्याकडे आलं, त्यावरच्या आकृत्यांमुळे त्याला पुतळी म्हणू लागले, आणि त्याच्या घडणीवरून आपल्या पुतळ्यांच्या माळा झाल्या. तुझ्या आजीच्या गळ्यातली माळ आठव आणि मग ती इमारत बघ. तिला लागूनच मार्चाना ग्रंथालय. निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा माणूस. पुरंदरच्या तहाच्या वेळी, 1665 मध्ये, तो मिर्झाराजे जयसिंगांच्या तोफखान्यात होता आणि छावणीत आलेल्या शिवाजी महाराजांशी बोलल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. त्याच्या मोगल इतिहासाचं हस्तलिखित याच ग्रंथालयात आहे. मराठी माणसानं त्या दारापुढे दोन मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

चित्रं भरपूर आहेत, सगळी बघायला जाऊ नका. सान रोक्कोच्या सभागृहातली चित्रकार तिंतोरेत्तोची चित्रं तेवढी सोडू नकोस. छतावरची चित्रं बघायला तिथे हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात, सासूबाईंची मान दुखणार नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जाणार असाल तर भरतीचं वेळापत्रक बघत जा. 12 नोव्हेंबर 2019 ला पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं, 1966 च्या 194 नंतरचं सर्वांत जास्त. 2020 पासून खाडीच्या समुद्राकडच्या तीन तोंडांवरचे 78 दरवाजे मोठ्या भरतीला उचलतात, म्हणून घाबरण्याचं कारण उरलेलं नाही. पण सान मार्को सखल आहे, तिथे थोडं पाणी तरीही येऊ शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि डास, फेब्रुवारीत कार्निव्हलची गर्दी. एप्रिल-मे माझ्या आवडीचे.

आता वागण्याचं, आणि हे मी कळकळीनं सांगते. 1951 मध्ये या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते, आता 50 हजारांहून कमी उरलेत. जे उरलेत त्यांना त्याच पुलावरून दूध आणि औषधं आणायची असतात. पुलाच्या मध्ये फोटोसाठी उभं राहू नका, गल्लीत उजवीकडून एकामागे एक चाला. सान मार्कोत पायऱ्यांवर बसून डबा उघडायचा नाही, कबुतरांना दाणे टाकायचे नाहीत, कालव्यात पाय सोडायचे नाहीत. या सगळ्याला दंड आहे, पण दंड नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

एक दिवस बेटांसाठी ठेव. फोंदामेन्ते नोव्हेच्या धक्क्यावरून 12 नंबरची बोट मुरानो, बुरानो करत जाते, आणि बुरानोहून तोर्चेल्लो अगदी जवळ. आधी तोर्चेल्लोला जा. 639 मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या चर्चमध्ये भिंतभर अंतिम न्यायाचं मोझेइक आहे. मग रंगीत घरांचं बुरानो, शेवटी मुरानो. 1291 मध्ये आगीच्या भीतीनं काचेच्या भट्ट्या मुरानोला हलवल्या, तेव्हापासून ते काचेचं बेट. खरेदी तिथेच कर. दुकानात 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' ही खूण आहे का ते बघ. स्टेशनजवळच्या टपऱ्यांवरची स्वस्त काच बहुधा बाहेरून येते. बुरानोची हातानं विणलेली लेस फार महाग असते, कारण एकेका तुकड्याला आठवडे लागतात. स्वस्त मिळाली तर ती यंत्राची आहे असं समज. माझ्यासाठी आणायचंच असेल तर काचेचा एकच लहान मणी आण. पावती घे, आणि तो सामानात न टाकता हातातल्या पर्समध्ये ठेव.