रेबीज प्रतिबंध : लस हाच उपाय

पिंपरी-चिंचवडमधील मोशी ओलांडून इंद्रायणीपलीकडे गेले, की चिंबळी, कुरुळी, चाकण हा खेड तालुक्यातील औद्योगिक पट्टा लागतो. नदीच्या अलीकडे १९८२ साली स्थापन झालेली महानगरपालिका, तर पलीकडे चाकणची नगरपरिषद व लहानमोठ्या ग्रामपंचायती. कारभार वेगवेगळे आहेत. कामगार वसाहती, खानावळी व उकिरडे यांच्या आसऱ्याने वाढणाऱ्या भटक्या कुत्र्यांना मात्र ही वेस ठाऊक नसते. रेबीजचा विचार म्हणूनच हद्दीपुरता करून भागत नाही.

पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून या रोगाचे विषाणू जखमेत शिरतात व मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूपर्यंत पोहोचतात. लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांचे मूळ कुत्र्यात असते. म्हणजेच कुत्र्याला टोचलेली लस माणसाचेही रक्षण करते.

कुत्र्याच्या व मांजराच्या पिलास तिसरा महिना पूर्ण होताच रेबीजची लस द्यावी आणि त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर वर्षी ती पुन्हा टोचून घ्यावी. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच टिकते, याचे भान शिबिरे भरविणाऱ्यांनी ठेवावे. कुत्र्यांना पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांविरुद्धच्या लसीही आवश्यक आहेत.

परिसरातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाल्यास रोगाची साखळी तुटते. परंतु जुनी कुत्री मरतात, नवी पिले जन्मतात. म्हणून मोहीम दर वर्षी राबवावी लागते. शेजारच्या गोव्याने सातत्यपूर्ण लसीकरणाच्या बळावर २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र होण्याचा मान मिळविला. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याची जबाबदारी २०२३ च्या केंद्रीय नियमांनी स्थानिक संस्थांवर सोपविली आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर ही मोहीम एकाच वेळी घेतल्यास तिचे फळ टिकाऊ ठरेल.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर एक गोष्ट अवश्य बिंबवावी. कुत्रा किंवा मांजर चावल्यास, ओरबाडल्यास ते घरी लपवू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तीवर हळद, चुना वा तिखट लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि सांगितलेली सर्व इंजेक्शने पूर्ण करावीत. जखम खोल असल्यास लसीबरोबर प्रतिपिंडेही टोचावी लागतात. पाळीव जनावराला लस दिलेली होती, एवढ्यावर विसंबून उपचार टाळणे धोक्याचे होय.

ग्रामसभेत पाळीव कुत्र्या-मांजरांची नोंदवही ठेवण्याचा ठराव झाला, तर या कामाचा पाया घातला जाईल.