दारावरचा वसुलीदार : कर्जदाराची जबाबदारी आणि त्याचे हक्क

सूरह अल-बकराची 282 वी आयत ही पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे आणि तिचा विषय कर्जाचा व्यवहार हा आहे. कर्ज मुदत ठरवून लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी तिची शिकवण आहे. ज्या ग्रंथाने मानवाला एकमेव अल्लाहची ओळख करून दिली, त्याच ग्रंथाने त्याला उधारीचा कागद लिहावयासही शिकविले. यावरून श्रद्धावंताच्या जीवनात देण्याघेण्याचे स्थान काय आहे, हे लक्षात येते.

आज अनेक मुस्लिम कुटुंबांत हा विषय बँकेच्या थकबाकीच्या रूपाने उभा आहे. वसुलीदाराचे फोन येतात, तो दारावर येतो आणि घरातील शांती हरपते. अशा वेळी शरीअत काय सांगते आणि देशाचा कायदा कोणते संरक्षण देतो, हे या लेखात पाहू.

ओव्हरड्राफ्ट कसा थकतो?

मालेगाव किंवा भिवंडीतील एखाद्या यंत्रमागधारकाचे उदाहरण घेऊ. सूत घेण्यासाठी रोख हवी असते, कापडाचे पैसे मात्र उशिरा येतात. बँक त्याला पाच लाखांची ओव्हरड्राफ्ट मर्यादा देते. खात्यात शिल्लक नसतानाही तो त्या मर्यादेपर्यंत रक्कम उचलू शकतो आणि उचललेल्या रकमेवर व्याज चढते. ठरलेला हप्ता नसल्यामुळे हे कर्ज कर्जासारखे वाटतच नाही. मंदी आली, येणे अडकले की खाते मर्यादेच्या काठावर जाते आणि व्याजाची नोंद होताच मर्यादा ओलांडते. शिल्लक सलग 90 दिवस मर्यादेच्या वर राहिली किंवा तेवढ्या काळात व्याज भागेल इतकाही भरणा झाला नाही, तर बँक ते खाते अनुत्पादक ठरविते. त्यानंतर वसुलीची चक्रे फिरू लागतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. व्याज हराम आहे आणि सूरह अल-बकराच्या 275 ते 279 या आयतींत त्याविषयी अत्यंत कठोर इशारा आहे. व्याजी व्यवहारात पडलेल्याने तौबा करावी आणि त्यातून लवकरात लवकर बाहेर पडावे. परंतु व्याज हराम आहे म्हणून घेतलेले मुद्दल बुडविण्याची मुभा कोणालाही मिळत नाही. मुद्दल हा दुसऱ्याचा हक्क आहे आणि तो मानेवर राहतो. सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याचा आदेश आहे.

कायद्यात बहुतेक कर्जांच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. ती टळली की कर्ज संपले, असे काहीजण समजतात. न्यायालयाचा दरवाजा मुदतीने बंद होऊ शकतो, परंतु अल्लाहसमोरचा हिशेब मुदतीने बंद होत नाही. शहीदाचे सर्व अपराध क्षमा केले जातात, परंतु कर्ज नव्हे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

कर्जाची खरी आपत्ती

प्रेषित (स.) नमाजमध्ये पापापासून आणि कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. कर्जापासून इतक्या वेळा आश्रय का, असे विचारले असता त्यांनी कारण सांगितले : माणूस कर्जबाजारी झाला की बोलताना खोटे बोलतो आणि वचन दिले तर मोडतो. सहीह बुखारीतील ही हदीस आपल्या घरांना किती तंतोतंत लागू पडते, ते पाहा. वसुलीदाराची चाहूल लागताच वडील आतल्या खोलीत जातात आणि आठ वर्षांच्या मुलाला दारात पाठवितात : ‘‘सांग, अब्बा घरी नाहीत.’’ बँकेचे पैसे पुढे-मागे फिटतील, परंतु त्या मुलाने त्या दिवशी जे शिकले, ते कसे फिटणार? कर्ज घराचा पैसा नेते, तेव्हा नुकसान मोजता येते. ते घराची सचोटी नेऊ लागले की नुकसान मोजता येत नाही.

म्हणून पहिला नियम हा की लपू नये. दारात यावे, सलाम-नमस्कार करावा आणि जे खरे आहे तेच सांगावे. ‘‘आज माझ्याजवळ पैसे नाहीत, अमुक तारखेला इतके भरू शकेन,’’ हे वाक्य उच्चारण्यात अपमान नाही. जे जमणार नाही, त्याचा वायदा मात्र करू नये. वेळ मारून नेण्यासाठी पुढच्या तारखेचा धनादेश देणे तर फारच धोक्याचे आहे. असा धनादेश न वटल्यास तो स्वतंत्र फौजदारी गुन्हा ठरू शकतो आणि एका अडचणीच्या दोन होतात.

ऐपत असूनही टाळाटाळ करणे हा जुलूम आहे, असे प्रेषित (स.) यांनी म्हटले आहे. लग्नाचा मांडव मोठा घालावयास पैसे आहेत आणि देणे द्यावयास नाहीत, अशी स्थिती असेल, तर त्या माणसाने ही हदीस स्वतःला वाचून दाखवावी.

वसुलीदाराचा हक्क आणि त्याची मर्यादा

एका धनकोने प्रेषित (स.) यांच्याकडे आपले येणे कठोर शब्दांत मागितले. सहाबा (रजि.) संतापले. प्रेषित (स.) यांनी त्यांना अडविले आणि सांगितले की ज्याचा हक्क आहे, त्याला बोलण्याचा अधिकार आहे. मग त्याला त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट दिला. वसुलीसाठी आलेला माणूसही पोटासाठी नोकरी करीत असतो. त्याला शिवी देणे, त्याच्यावर हात उगारणे किंवा मोहल्ला जमवून त्याला धमकावणे आपल्याला शोभत नाही.

दुसऱ्या बाजूने, बोलण्याच्या अधिकारात जुलमाचा अधिकार येत नाही. सूरह अल-बकराची 280 वी आयत सांगते की ऋणको अडचणीत असेल, तर त्याला सुस्थिती येईपर्यंत मोहलत द्यावी आणि माफ केले तर ते अधिक चांगले. आपल्या देशाच्या नियमांनीही वसुलीला मर्यादा घातल्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, मारहाण, चारचौघांत अपमान, अशोभनीय संदेश, तसेच कुटुंबीय व मित्रांच्या खाजगी जीवनात घुसणे यांस मनाई आहे. आपल्या प्रतिनिधीच्या वर्तनाला बँक जबाबदार असते.

वसुलीदार पोलीस नव्हे. तो अटक करू शकत नाही, परवानगीशिवाय घरात शिरू शकत नाही. फसवणूक केलेली नसेल, तर केवळ कर्ज थकणे हा फौजदारी गुन्हा नाही. घर तारण असेल, तर मात्र बँकेला 2002 च्या सरफेसी कायद्याखाली कारवाई करता येते. त्यासाठी आधी 60 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. अशी नोटीस आल्यास ती कपाटात ठेवू नये, त्वरित वकिलाला दाखवावी.

प्रत्यक्षात काय करावे?

1. प्रतिनिधीकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागावे. खात्री नसल्यास शाखेत विचारावे.

2. पैसे फक्त आपल्या कर्जखात्यात भरावेत आणि पावती घ्यावी. प्रतिनिधीच्या खाजगी खात्यावर किंवा मोबाइलवर रक्कम पाठवू नये.

3. एक वही ठेवावी. कोणाचा फोन आला, किती वाजता, काय बोलणे झाले, ते लिहावे. कुरआनने शिकविलेली लिहिण्याची सवय येथे ढालीसारखी उपयोगी पडते.

4. पुरुष घरी नसताना प्रतिनिधी आला, तर घरातील स्त्रीने दार उघडून त्याला आत घेण्याची किंवा कोणत्याही कागदावर सही करण्याची गरज नाही. निरोप घ्यावा, नाव लिहून ठेवावे.

5. स्वतः शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा : उत्पन्न किती, दरमहा किती भरता येईल, व्याज व दंड कमी करून एकरकमी तडजोड शक्य आहे का. तडजोड मान्य झाल्यास पैसे भरण्यापूर्वी पत्र हाती घ्यावे आणि शेवटी थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा.

6. छळ झाल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मारहाण किंवा धमकी असेल, तर थेट पोलीस ठाणे गाठावे.

7. बँकेचे देणे फेडण्यासाठी खाजगी सावकाराकडे जाऊ नये. एका व्याजातून निघून अधिक खोल व्याजात पडणे ही सुटका नव्हे.

नातेवाईक आणि समाज

जामीनदाराची सही ही औपचारिकता नसते. कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदारावर येते. म्हणून सही करण्यापूर्वी विचार करावा आणि ज्याने आपल्यासाठी सही केली, त्याला परिस्थिती वेळीच कळवावी. कर्जदार मरण पावला, तर सूरह अन्-निसानुसार वारसाहक्काची वाटणी मृत्युपत्र आणि कर्ज यांच्या पूर्ततेनंतरच होते.

मदिनेच्या मशिदीत हजरत कअब बिन मालिक (रजि.) आणि त्यांचे ऋणको इब्ने अबी हदरद (रजि.) यांचे आवाज चढले. प्रेषित (स.) यांनी पडदा बाजूस सारून कअब (रजि.) यांना अर्धे कर्ज सोडण्याची खूण केली. त्यांनी ते मानले. मग ऋणकोला सांगितले : ऊठ आणि उरलेले फेड. सवलत मिळताच फेड, हा या प्रसंगाचा धडा आहे. दुसऱ्या प्रसंगी एका मय्यतीवर कर्ज असल्याने प्रेषित (स.) यांनी स्वतः जनाजाची नमाज पढविली नाही. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्यावर घेतले, तेव्हा ती पढविली.

सूरह अत्-तौबाच्या 60 व्या आयतीत जकातीच्या आठ खर्चस्थानांत कर्जबाजारी व्यक्तीचा समावेश आहे. तरीही आपल्या वस्तीत असा माणूस बहुधा शेवटी आठवतो, कारण त्याच्या अंगावर अजून चांगले कपडे असतात. रमजानमध्ये जकात वाटताना त्याची गुप्तपणे चौकशी करावी. व्याजाच्या भागाविषयी जाणत्या आलिमांचा सल्ला घ्यावा. मोहल्ल्यातील कर्जे हसनाचा निधी बळकट असेल, तर पुढचा यंत्रमागधारक ओव्हरड्राफ्टच्या कागदावर सही करण्यापूर्वी तेथे येईल.

फेडण्याच्या इराद्याने जो लोकांचे धन घेतो, त्याच्यातर्फे अल्लाह ते फेडतो, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे. इरादा खरा ठेवणे आपल्या हाती आहे. दार उघडून खरे बोलणे, हा त्या इराद्याचा पहिला पुरावा होय. अल्लाह आम्हा सर्वांना कर्जाच्या ओझ्यापासून आणि ऐपत असूनही टाळाटाळ करण्यापासून वाचवो. आमीन.