स्पीडोमीटर चालकासमोर नाही, ही चूक की मूळ मांडणी?

प्रश्न : आजोबांची १९४८ची एम.जी. टी.सी. आम्ही नव्याने उभी करतो आहोत. तिचा स्पीडोमीटर डावीकडे, शेजारी बसणाऱ्यासमोर आहे आणि चालकासमोर इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी. मिस्त्री म्हणतात, मधल्या काळात कुणीतरी उलटसुलट बसवलं असणार, जागा बदलून टाकू. बदलावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कृपा करून बदलू नका. तबकड्या आज जिथे आहेत, तिथेच त्या कारखान्यात बसल्या होत्या. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० टी.सी. तयार झाल्या. सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या, अगदी अमेरिकेला गेलेल्यासुद्धा. आणि सगळ्यांत हीच मांडणी.

ही स्पोर्ट्स कार आहे, हे लक्षात घेतलं की मांडणी पटते. इंजिन जेमतेम १,२५० सीसीचं, ताकद ५४ अश्वशक्ती, तीही मिनिटाला ५,२०० फेऱ्यांवर. त्यातून जोर काढायचा तर गिअर नेमक्या फेऱ्यांना बदलायला हवा, म्हणून चालकाच्या नजरेसमोर तोच काटा. वेगासाठी डॅशबोर्डवर एक छोटा दिवा होता. ब्रिटनमध्ये १९३५पासून वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा होती; वेग २० मैलांच्या आसपास गेला की हा दिवा लागायचा आणि ३० ओलांडले की विझायचा. मला ही युक्ती फार आवडते. तो दिवा तुमच्या गाडीत असेल तर दुरुस्त करून घ्या, काढून टाकू नका.

मिस्त्रींचा गैरसमज कशातून झाला असेल, तेही सांगतो. पुढच्या टी.डी. मॉडेलमध्ये दोन्ही मोठ्या तबकड्या चालकासमोर आल्या. टी-मालिकेचे फोटो चाळताना ही सरमिसळ सहज होते.

तरी माझ्या शब्दावर विसंबू नका, गाडीलाच विचारा. पॅनल सोडवून मागून पाहा. बुजवलेली भोकं, स्क्रूंचे जुने व्रण, तबकडीच्या कडेखाली न उडालेला लाकडाचा रंग, यांतून कुठे काय होतं ते कळतं. केबलीही साक्ष देतात. वेगाची केबल गिअरबॉक्सकडून येते, फेऱ्यांची डायनॅमोच्या मागच्या छोट्या गिअरकडून. दोन्हींची लांबी ठरलेल्या जागेच्या हिशेबाने असते. जागा बदलल्या तर कुठली तरी केबल ताणली जाणार किंवा दुमडणार. मग काटा थरथरतो आणि शेवटी केबल तुटते. जुन्या वायरिंगचे फाटेही ज्या उंचीवर, ज्या अंतरावर फुटतात तिथेच मूळ जागा असते.

फळी कुजली असेल तर नवी कापण्याआधी जुनीवरून कागदावर छाप घ्या. नवं काम पसंत पडलं तरी जुनी फळी जपून ठेवा. पुढच्या पिढीला तिच्याइतका खात्रीचा नमुना मिळणार नाही. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, तेव्हा कामाचे फोटोही काढत चला.

परत बसवताना तबकडी सरळ आहे ना ते पाहून मगच मागची पट्टी आवळा. शर्यतीच्या गाड्यांत काटा धोक्याच्या आकड्याशी आला की वर दिसावा म्हणून फेऱ्यांची तबकडी मुद्दाम फिरवून बसवतात. तुमच्या गाडीत तसं करू नये, कारण टी.सी.च्या त्याच तबकडीत घड्याळही आहे आणि तेही तिरकं होईल.

अँमीटरकडे मात्र नीट लक्ष द्या. टी.सी.त बॅटरीचं धन टोक चॅसिसला जोडलेलं असतं आणि आपल्याकडे सवयीने ऋण टोक जोडलं जातं. जोडणी झाल्यावर इंजिन बंद ठेवून पुढचे दिवे लावा. काटा डिस्चार्जच्या बाजूला झुकला पाहिजे. उलटा गेला, तर आधी बॅटरी सोडवा आणि मग अँमीटरमागच्या दोन तारा अदलाबदल करा.